न्हाणीघरातली आठ झाडं

१४ ऑगस्ट, गुरुवार

दोन नंबरच्या झाडाला गोळे आलेत! सकाळी न्हाणीघरातला दिवा लावला आणि दिसले. खोडाला फांदी फुटते त्या बेचक्यात, साबुदाण्याएवढे दोन, हिरवेगार. काल नव्हते. काल नक्की नव्हते.

देविकाला फोन केला. ही यांची भाची, हिनेच मला मातीशिवाय पाण्यात भाजी वाढवायचं ते सामान गेल्या वर्षी आणून दिलं. पालक लाव मामी, लेट्यूस लाव. लावला पालक. आता त्याच बादल्यांत काय आहे ते तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि यांना, मनमोहनना. चौथ्याला नाही.

‘मामी, फोनवर नाव घ्यायचं नाही,’ ती म्हणाली. ‘मुलगा असेल तर काढून टाक. फुटायच्या आत. एक फुटला की सगळ्या मुली बियांना लागतात, मग मामाला उपयोग शून्य.’

या देशात पहिल्यांदाच कुणीतरी मुली हव्यात म्हणून मुलगे काढतंय. हसू यायला हवं होतं. मी दिवा घालवला आणि बाहेरून कडी लावली.

सेशन्स कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होते मी. अमली पदार्थांच्या किती केसेस या बोटांखालून गेल्या! ‘आरोपीच्या राहत्या घरातून’ — इथे जागा सोडायची, नाव मागाहून भरायचं. आज दिवसभर त्या मोकळ्या जागेत माझं नाव टाईप होतंय. कायदा नर-मादी बघत नाही. झाड म्हणजे झाड. दहा वर्षांपर्यंत. मी अडुसष्टची आहे.

१५ ऑगस्ट

खाली झेंडावंदन. मी गेले नाही. पोलीस येतात.

१६ ऑगस्ट

हे का केलं ते एकदा लिहून ठेवते. म्हणजे पुढे मलाच वेड्यासारखं वाटायला नको.

मनमोहनचं वजन जानेवारीत अडुसष्ट होतं, आता एकोणपन्नास. स्वादुपिंड. हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तो परळच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, आणि वाटलं किती गोंडस शब्द आहे. केमोनंतर वासच सहन होत नाही त्यांना. आमच्या घरात! जिथे पापलेटाचं भुजणं कुणी जास्त खाल्लं यावरून भावाभावांत अबोला व्हायचा! आता भाताची पेज आणली तरी तोंड फिरवतात.

महाशिवरात्रीला देविकाच्या ओळखीच्या कुणी बनारसची भांगेची ठंडाई आणली. प्रसाद म्हणून यांनी अर्धा पेला घेतला. तासाभराने स्वयंपाकघरात आले — स्वतः चालत — आणि विचारलं, ‘माया, काही आहे का गं खायला?’ दोन पोळ्या, वांग्याची भाजी, वर मुरांबा. मी ओट्याला पाठ लावून उभी राहिले आणि बघत राहिले.

कुणा गल्लीतल्या माणसाकडून पुडी आणणं मला जमणार नाही. मी ती माणसं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बघितलीत. देविकाने उत्तराखंडातून चटणीसाठी म्हणून भांगेचं बी आणलं होतं, तिकडे वाण्याकडे मिळतं. मी अकरा दाणे भिजवले. आठ उगवले. पानांत म्हणे फारसं काही नसतं, जे आहे ते मादीच्या फुलांत. सप्टेंबर सरता सरता, किंवा ऑक्टोबर.

तोवर कुणाला कळता कामा नये, आणि तोवर मनमोहननी टिकलं पाहिजे. बस, एवढंच.

१८ ऑगस्ट

भिंग घेऊन तासभर न्हाणीघरात. खिडकीला काळा कागद आहे, आत उकडून जीव जातो. कमोडच्या झाकणावर बसून मी एकेका झाडाच्या बेचक्यात डोकावत होते, दाईसारखी.

मादीला गोळे नसतात. दोन पांढरे केस येतात, इंग्रजी ‘व्ही’सारखे. हे मला अडुसष्टाव्या वर्षी मोबाईलवर शिकावं लागतंय, कारण कॉन्व्हेंटमध्ये आमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातली ती चार पानं सिस्टर बर्नडेटने टाचणीने बंद करून दिली होती. फुलांची! माणसांची नव्हे, जास्वंदीची! ‘गर्ल्स, धिस विल नॉट कम इन द एक्झाम.’ आलं की मग, सिस्टर.

एक, चार, सात — मादी. सहा — बहुतेक मादी. दोन — नर. तीन, पाच, आठ — देव जाणे. लोकरीचे धागे बांधले. नराला लाल.

२० ऑगस्ट

पाच नंबरलाही गोळे.

२१ ऑगस्ट

सुमती वर आली. ही आमच्या खालच्या मजल्यावरची, सोसायटीची सेक्रेटरी, आणि फणसवाडीत कोणाच्या घरी काय शिजतं याची चालतीबोलती नोंदवही.

‘मायाताई, माझ्या छतातून पाणी ठिबकतंय. तुमचं ते मागचं न्हाणीघर बंद आहे ना?’

‘बंद आहे.’

‘मग पाणी कुठलं?’

‘पावसाचं असेल.’

‘पाऊस चार दिवस नाही, मायाताई.’

दर आठवड्याला बादल्यांतलं पाणी बदलावं लागतं. आठ बादल्या, जुनी मोरी. माझ्या कसं लक्षात आलं नाही! उद्या प्लंबर पाठवते म्हणाली. उद्या मनमोहनची हॉस्पिटलची तारीख आहे.

२२ ऑगस्ट

पहिल्यांदाच मी त्यांच्याबरोबर गेले नाही. देविका घेऊन गेली. ते जिना उतरताना म्हणाले, ‘तू तुझा किल्ला सांभाळ.’ मला रागच आला. थट्टा सुचते यांना!

प्लंबर अकराला आला, सुमती मागे. त्याने न्हाणीघराच्या कडीला हात घातला. मी आडवी आले. ‘आत पेशंटचे कपडे भिजवलेत,’ म्हटलं. ‘केमोचे. हातमोजे घालून धुवावे लागतात. जायचंय तर जा.’

हात झटकून चार पावलं मागे! सुमतीने तर पदर नाकाला लावला. मेल्यांनो, कॅन्सर काय उडून लागतो? पण मी काही बोलले नाही, मला हवं होतं तेच झालं होतं. ती दोघं गेल्यावर मात्र लाज वाटली. त्यांच्या आजाराचं बुजगावणं करून मी दारात उभं केलं.

हे दोनला परत आले. केमो दिली नाही. रक्तातल्या पेशी कमी आहेत, तीन आठवड्यांनी बघू, म्हणाले. देविका पाणीसुद्धा न घेता गेली, पार्किंग मिळालं नव्हतं म्हणे.

तीन आठवडे! म्हणजे मला तीन आठवडे मिळाले. सुई नाही म्हणजे मळमळही कमी राहील, तोवर झाडं पुढे जातील.

२५ ऑगस्ट

काढले. तीन नर. दोन, पाच आणि आठ. तीन नंबर मादी निघाली, काल रात्री पांढरे केस दिसले.

आठ नंबरचा एक गोळा फुटायच्या बेतात होता. पंखा बंद केला, श्वास धरला, ओलं फडकं घातलं त्याच्यावर आणि बादलीतून ओढला. मुळं केवढी! पांढरी, लांब, ओली, म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखी. तिन्ही झाडं कशी धष्टपुष्ट, सगळ्यांत उंच हीच. मीच खत घातलं, मीच पाणी बदललं. ‘सॉरी,’ म्हटलं. कोणी ऐकत नव्हतं.

आता यांना टाकायचं कुठे? कचऱ्यात नाही. आमचा ओला कचरा वेगळा करणारी माया — माझ्याच नावाची, डोळा तिचा घारीचा — ती पिशवी उघडते. किती पंचनामे मी टाईप केलेत ज्यांची सुरुवात कचऱ्यापासून झाली!

२६ ऑगस्ट

सुचलं! निर्माल्य!

उद्या गणपती. परवा दीड दिवसाचे जातील. चौपाटीवर निर्माल्याचे कलश भरून वाहतील. त्या हारफुलांच्या ढिगात कोण बघतंय? कात्रीने सगळ्याच्या छोट्या डहाळ्या कापल्या, वर्तमानपत्रात बांधलं, वरून सुकलेली झेंडूची फुलं. दारामागच्या खुंटीला पिशवी लावली. परवा सकाळी मी स्वतः जाऊन टाकेन.

शेजारीच दुसरी पिशवी, इमारतीच्या गणपतीची. आमच्याकडे पूर्वीपासून रीत आहे — एकवीस पत्री घरोघर वाटून घ्यायच्या, प्रत्येकाने आपली पानं द्यायची. आमच्याकडे आघाडा आणि डोरली. भुलेश्वरहून आणली, तीही वर्तमानपत्रात.

आज झोप लागेल असं वाटतं.

२७ ऑगस्ट, बुधवार, चतुर्थी

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी आठला मनमोहनना आंघोळ घालत होते. दार उघडंच. सणाच्या दिवशी आमच्या मजल्यावर दार लावलं तर लोक विचारतात काय झालं. बाहेरून सुमतीचा आवाज, ‘मायाताई, पत्री घेतली हो! गुरुजी खोळंबलेत!’

हो हो म्हटलं. यांचं अंग पुसलं, सदरा घातला, खुर्चीत बसवलं. मग बाहेर आले. खुंटीला एकच पिशवी होती. उघडली. आत आघाडा.

तिन्ही जिने मी कशी उतरले आठवत नाही. खाली अख्खी वाडी. चौरंगासमोर गुरुजी, आणि त्यांच्या पुढ्यातल्या परातीत, दूर्वा आणि बेलाच्या मधोमध — पाच-सात बोटांची ती पानं. पसरून ठेवलेली! सुमतीने झेंडू निवडून, धुऊन, छान मांडली होती!

आणि खांबाला टेकून चौकीतला हवालदार राजेश. टोपी काखेत, हात जोडलेले. गणपतीच्या बंदोबस्ताला असतो तो आमच्याकडे, दरवर्षी.

गुरुजींनी एक डहाळी उचलली. उलटसुलट केली. ‘ही डोरली नव्हे.’

‘तिसऱ्या मजल्यावरची आहे,’ सुमती म्हणाली. सगळ्या माना माझ्याकडे.

मी तोंड उघडलं. आवाजच नाही. एकतीस वर्षं मी आरोपींना असं उभं राहिलेलं बघितलं आणि मनात म्हटलं होतं, बोल की रे बाबा, काहीतरी बोल.

गुरुजींना घाई होती, पुढे अजून सहा घरं. ‘देवदार कोणी आणलाय?’ कोणीच नाही. ‘मुंबईत कुठून मिळणार म्हणा. मग हाच आपला देवदार.’ आणि खणखणीत आवाजात — ‘देवदारुपत्रं समर्पयामि!’

वाहिली. बाप्पाच्या पायांवर. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, दुसरं काय करणार?

आरती संपल्यावर राजेश माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मोदक खात होता. ‘यंदा पत्रीला वास छान आहे हो, काकी,’ म्हणाला.

वर आले. मनमोहनना सांगितलं. ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, तरी हसतच होते. ‘देवदार!’ म्हणाले. ‘माया, देवदार!’ मी चिडले, रडले, मग ओरडले की मला तुरुंगात टाकतील तेव्हा हसा. त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हातात आता काही राहिलेलं नाही, नुसती हाडं.

२८ ऑगस्ट

निर्माल्य गेलं. वाडीतल्या पोरींनीच नेलं, वाजतगाजत. खिडकीतून बघितलं.

१ सप्टेंबर

उरलेल्या पाचही मुलींना आता वास यायला लागलाय. उग्र, ओल्या गवतासारखा, त्यात काहीतरी आंबट. न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल लावते. कापूर जाळते. कापूर आणि तो वास मिळून काहीतरी तिसरंच होतं.

बेल वाजली की आधी तो टॉवेल सारखा करते, मग दार. आज सहादा वाजली. दूध, कुरियर, गॅस, वर्गणी, चुकून, चुकून.

ही वहीसुद्धा पुरावा आहे. तारखांसकट. सरकारी वकील किती खूश होईल! तरी लिहिते. नाहीतर कोणाशी बोलू?

३ सप्टेंबर

साडेदहाला बेल. दारात राजेश. युनिफॉर्ममध्ये, हातात फाईल.

दाराची चौकट धरून उभी राहिले. आधी वाटलं, मनमोहनचं दुपारचं औषध कोण देणार. आश्चर्य आहे — वकील नाही, जामीन नाही, दुपारची गोळी.

‘काकी, ज्येष्ठ नागरिकांची यादी करतोय. दोघंच राहता ना? मुलं?’

‘नाहीत.’

‘औषधं चालू? जवळचा नातेवाईक?’ एकेक ओळ सावकाश भरत होता. माझ्या डोक्यात त्याच्या दुप्पट वेगाने शॉर्टहँड चालू होतं. फॉर्म संपला. पेनची शाई बोटांना लागली होती. ‘जरा हात धुतो,’ म्हणाला आणि मागच्या बाजूला वळला.

‘तिकडे नळ नाही! इकडे, स्वयंपाकघरात!’ एवढ्या जोरात ओरडले की मनमोहन आतून म्हणाले, ‘काय झालं?’

राजेश थांबला. नाक वर केलं. ‘कसला वास येतोय हो?’

आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘सुकट. सुकट भाजली.’

गणपतीत! खाली बाप्पा बसलेत आणि मी सुकट भाजली! तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग खो खो हसला. ‘काकी, तुम्ही पण ना!’ हात धुतले, पाणी प्यायला. जाताना दारात म्हणाला, ‘खिडक्या उघड्या ठेवत जा. वास साठून राहतो.’

याचा अर्थ काय? काहीच नाही? की सगळंच? दिवसभर तेच वाक्य उलटसुलट करतेय.

दार लावताना बघितलं, तर जिन्यावर सुमती.

४ सप्टेंबर

अख्ख्या वाडीला कळलं. आरतीला गेले तर बायका सरकून उभ्या राहिल्या. सुमती मला ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणाली, ‘नवरा आजारी आहे म्हणून काय देवाधर्माचं काहीच उरलं नाही का?’

सत्तर माणसांत मी मान खाली घालून उभी! मी! जिच्या घरी गणपतीत कांदासुद्धा चिरला जात नाही! जिभेवर दहा उत्तरं होती आणि दहाही गिळली. सुकट खाणारी ठरले तर परवडलं. दुसरं काही ठरण्यापेक्षा.

५ सप्टेंबर

आता बस्स. सगळी उपटून टाकते, असं ठरवून कात्री घेतली. मला चार तासांपेक्षा जास्त झोप नाही. काल चहात मीठ घातलं. राजेश परत आला तर मी स्वतःच सांगून टाकेन अशी भीती वाटते.

मनमोहनना सांगायला गेले. ते पलंगावर उठून बसले, हे हल्ली होत नाही.

‘नको, राहू दे.’

‘तुम्हाला काय! मला धरून नेतील!’

‘नाही नेणार. माया, माझ्यासाठी राहू दे. मला ते खायचंय. मला पुन्हा तुझ्या हातचं भुजणं खायचंय.’

गेल्या सहा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं. कात्री जाग्यावर ठेवली. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे बघत बघत चार चमचे पेज घेतली. चार!

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जनाला गेले नाही. ढोलांच्या आवाजाने बादल्यांतलं पाणी थरथरत होतं. मी झाडांपाशी बसून राहिले.

९ सप्टेंबर

पुन्हा भिंगाखाली एकेक बेचकं बघितलं. पाची मुली. एकही गोळा नाही, एकही शंका नाही. तुरे भरायला लागलेत, पांढऱ्या केसांचे झुबकेच्या झुबके. मला एवढा आनंद झाला की भीतीच वाटली. देविकाला फोन केला, ‘पाची मुली!’ तिने नाक ओढलं. मग म्हणाली, ‘छान, मामी.’ रडत होती की काय?

ऑफिसात काहीतरी झालं असेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज हॉस्पिटलची तारीख. मी साडी नेसून तयार, फाईल काढली, देविकाला किती वाजता येतेस विचारायला फोन उचलला. मनमोहन म्हणाले, ‘ठेव तो. बस इथे.’

पेशी कमी नव्हत्या. बावीस ऑगस्टला डॉक्टरांनी सांगितलं, औषध लागू पडत नाही. यांनी तिथेच सही करून केमो थांबवली. मला सांगायचं नाही म्हणून देविकाला शपथ घातली.

‘तीन आठवडे?’ मी म्हटलं. ‘तीन आठवडे तुम्ही मला वेड्यासारखी दारं लावत फिरू दिलंत?’

‘तू पोलिसांना घाबरत होतीस,’ म्हणाले. ‘मला बरं वाटत होतं बघायला.’

डॉक्टर किती दिवस म्हणाले, ते विचारलं. त्यांनी उलट विचारलं, ‘झाडांना अजून किती?’

पाच आठवडे.

त्यांनी बोटांवर मोजलं. मग बोटं मिटली आणि पांघरुणात घेतली.